नंदुरबारचे वाणी, सह्याद्रीतला नरक्या

नाशिक विभागात वनस्पतींतली रसायनं पोत्यांनी विकली जातात. लासलगावला कांद्याचा लिलाव होतो. तो कांदा घरी येऊन विळीवर चढला की गंधकाचं एक संयुग हवेत सुटतं आणि डोळ्यांत पाणी येतं. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षांची साल तुरट लागते ती टॅनिनमुळे. नंदुरबारला हंगामात ओल्या लाल मिरचीच्या गाड्या लागतात, गावाबाहेरच्या पथारींवर मिरची वाळत पडते आणि शेजारून नुसतं जाणाऱ्यालाही ठसका लागतो. ती करामत कॅप्सेसिनची. शेतकरी, अडते, हमाल, सगळ्यांची या रेणूंशी रोजची गाठ. त्यांची रासायनिक नावं मात्र बाजारात कोणी विचारत नाही, आणि विचारण्याचं कारणही नाही.

याच नंदुरबारमध्ये २० फेब्रुवारी १९२५ रोजी मनसुख वाणी यांचा जन्म झाला. तेव्हा नंदुरबार पश्चिम खानदेशातलं तालुक्याचं गाव होतं. स्वतंत्र जिल्हा व्हायला १९९८ उजाडलं. महाराष्ट्राला हे गाव ठाऊक आहे ते ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या गोळीला छाती देणाऱ्या शिरीषकुमारमुळे. वाणी त्याच पिढीतले. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राचं शिक्षण घेऊन ते पुढे अमेरिकेला गेले, इंडियाना विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि उरलेलं आयुष्य झाडांच्या सालींचे अर्क गाळण्यात घालवलं. आज नाशिकपासून न्यूयॉर्कपर्यंत कर्करोगाच्या रुग्णालयात केमोथेरपीच्या कागदावर पॅक्लिटॅक्सेल, इरिनोटेकान, टोपोटेकान ही नावं दिसतात, त्यांच्या मुळाशी असलेले दोन्ही रेणू पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात मिळाले ते वाणी ज्या प्रयोगशाळेत काम करत होते तिथे. गावात त्यांचं नाव किती जणांनी ऐकलंय, हा प्रश्न न विचारलेलाच बरा.

गोष्टीची सुरुवात मात्र कर्करोगापासून होत नाही. ती होते सांधेदुखीपासून.

१९४८-४९ च्या सुमारास कॉर्टिझोनने संधिवाताचे रुग्ण उठून चालू लागल्याचं डॉक्टरांनी पाहिलं आणि अमेरिकेत एकच धावपळ उडाली. हे संप्रेरक स्वस्तात बनवायचं तर त्याच्या जवळपासचा कच्चा माल एखाद्या वनस्पतीत सापडायला हवा होता. अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या फिलाडेल्फियाजवळच्या प्रयोगशाळेत हे काम मन्रो वॉल या रसायनशास्त्रज्ञाकडे सोपवलं. देशोदेशींहून आणलेल्या हजारो वनस्पती त्यांनी तपासल्या आणि त्यांचे अल्कोहोलमधले अर्क बाटल्यांत भरून ठेवले. १९५७ मध्ये राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे जोनाथन हार्टवेल यांनी विचारलं, यातले काही अर्क आम्हाला द्याल का? वॉल यांनी हजारेक नमुने पाठवून दिले. कृषी खात्याच्या दृष्टीने कोपऱ्यात पडलेला माल होता तो.

पुढच्या वर्षी निकाल आला. एका अर्काने उंदरांतल्या गाठींवर जबरदस्त परिणाम दाखवला होता. झाड चीनमधलं होतं, कॅम्प्टोथेका अक्युमिनाटा नावाचं, कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या सरकारी बागेत वाढवलेलं. वॉल यांना त्या झाडाने झपाटलं, पण कृषी खात्याला कर्करोगाशी काय देणंघेणं? १९६० मध्ये त्यांनी खातं सोडलं आणि नॉर्थ कॅरोलिनात नुकत्याच उभ्या राहिलेल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये नैसर्गिक रसायनांची प्रयोगशाळा थाटली. हा सगळा मुलूख तंबाखूचा. शेजारचं डरहॅम शहर सिगारेटच्या कारखान्यांवर वाढलेलं, तिथलं ड्यूक विद्यापीठ तंबाखूच्या पैशावर मोठं झालेलं. निकोटिन नावाच्या अल्कलॉइडवर जगणाऱ्या त्या गावांमध्ये कर्करोगाला मारणारं अल्कलॉइड शोधायला १९६२ मध्ये नंदुरबारचे वाणी रुजू झाले. वॉल यांच्याशी त्यांची जोडी जमली ती चाळीस वर्षांसाठी.

काम कसं चालायचं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. सुरुवातीला आलं वीसएक किलो वाळलेलं लाकूड आणि साल. ते दळायचं. आधी गरम हेप्टेनने धुऊन तेलकट, मेणचट भाग काढून टाकायचा, मग अल्कोहोलमध्ये अर्क उतरवायचा, मग तो क्लोरोफॉर्म आणि पाणी यांच्यात वाटून घ्यायचा. प्रत्येक पायरीवर अर्काचे भाग पडत जायचे. यातला कामाचा कोणता, हे भिंगातून दिसत नाही आणि वासानेही कळत नाही. म्हणून प्रत्येक भाग ल्यूकेमिया झालेल्या उंदरांना टोचण्यासाठी पाठवायचा आणि थांबायचं. ज्या भागाने उंदीर जास्त दिवस जगले तो धरायचा, बाकीचे बाजूला ठेवायचे, आणि धरलेल्याचे पुन्हा भाग पाडायचे. द्रवांच्या दोन थरांमध्ये पदार्थ पुन्हापुन्हा वाटून घेणारं एक अजस्र काचयंत्र या कामासाठी होतं. नळ्यांमागून नळ्या कलंडत, भरत, पुन्हा कलंडत राहत. अखेरीस हाती आले फिकट पिवळे स्फटिक. अतिनील प्रकाशात धरले की निळे चमकणारे.

त्याचं नाव ठेवलं कॅम्प्टोथेसिन. पदार्थ मोठा आडमुठा निघाला. अल्कलॉइड असूनही आम्लाशी नेहमीसारखं लवण बनवायला तयार नाही, आणि पाण्यात तर विरघळायलाच तयार नाही. त्याची रचना उलगडली ती इलिनॉय विद्यापीठात. तिथे अँड्र्यू मॅकफेल आणि जॉर्ज सिम यांनी आयोडिन जोडलेल्या स्फटिकावर क्ष-किरण सोडून अणू कुठे कुठे बसले आहेत ते काढलं. एकमेकांना चिकटलेली पाच कडी, शेवटचं कडं लॅक्टोनचं. १९६६ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या मासिकात लेख आला.

यानंतर जे घडलं ते घाईचं फळ म्हणावं लागेल. औषध शिरेतून द्यायचं तर ते पाण्यात विरघळायला हवं. कॅम्प्टोथेसिन विरघळत नाही, पण अल्कलीत टाकलं की त्याचं लॅक्टोनचं कडं उघडतं आणि तयार होणारं सोडियमचं लवण झकास विरघळतं. राष्ट्रीय कर्करोग संस्थेने तेच लवण रुग्णांवर वापरायला घेतलं. पहिल्या काही रुग्णांत गाठी लहान झाल्या, आशा वाढली, आणि मग तक्रारींची रांग लागली. रक्तपेशी घटत, जुलाब थांबत नसत, आणि सर्वांत वाईट म्हणजे लघवीतून रक्त जाई. कारण साधं होतं. उघडलेल्या कड्याचा रेणू गाठीवर फारसं काही करत नव्हता; तो मूत्राशयात पोचला की तिथल्या आम्लात कडं पुन्हा मिटायचं आणि खरं, जहाल कॅम्प्टोथेसिन तिथेच तयार व्हायचं. जिथे नको तिथे औषध, जिथे हवं तिथे त्याची सावली. १९७२ मध्ये चाचण्या थांबल्या आणि फाइल बंद झाली.

त्याच १९७२ मध्ये मुंबईत गोरेगावला दुसरी फाइल उघडली होती.

गोरेगावचं सिबा संशोधन केंद्र १९६३ मध्ये सुरू झालं. स्विस कंपनीचं असलं तरी तिथे भारतीय वनस्पतींवर मूलभूत काम करण्याची मोकळीक होती, कारण प्रमुखपदी टी. आर. गोविंदाचारी होते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापकी करून आलेले हे गृहस्थ भारतातल्या अल्कलॉइड-संशोधनाचे भीष्म. त्यांनी आणि एन. विश्वनाथन यांनी सह्याद्रीतल्या मॅपिया फोएटिडा या झाडाची रसायनं तपासली, आणि त्यात निघालं कॅम्प्टोथेसिन. चीनच्या झाडाशी ज्याचं दूरचंही घरोब्याचं नातं नाही अशा झाडात नेमका तोच पाच कड्यांचा रेणू! प्रमाण साधारण ०.१ टक्का, म्हणजे किलोभर वाळलेल्या मालात ग्रॅमभर. चिनी झाडापेक्षा कितीतरी पट अधिक.

कोकणात आणि घाटमाथ्यावर या झाडाला नरक्या म्हणतात. कुठे घाणेराही म्हणतात. दिसायला ते अगदी साधं आहे. दोन-तीन माणसांच्या उंचीचं, राखाडी सालीचं, फांद्यांच्या टोकांशी मोठाल्या पानांचे झुबके. पावसाळ्यात पिवळट पांढऱ्या बारीक फुलांचे गुच्छ येतात आणि त्यांच्या वासाने माणूस लांब पळतो; माश्या मात्र आनंदाने येतात. नंतर जांभळासारखी फळं धरतात. लाकूड इमारतीला निकामी, जळणाला हलकं. म्हणून शतकानुशतकं कोणी त्याच्या वाटेला गेलं नाही. शास्त्रीय नोंद मात्र जुनी आहे. मुंबईच्या टपालखात्यातले जॉन ग्रॅहॅम यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची यादी केली, ती १८३९ मध्ये निघाली. छापून पुरी होण्याआधीच ग्रॅहॅम खंडाळ्याला वारले आणि त्यांचे मित्र जोसेफ निम्मो यांनी ती तडीस नेली. या झाडाच्या आजच्या नावात, नोथापोडायटिस निम्मोनियाना यात, ते निम्मो बसले आहेत.

तर १९७२ ची ही स्थिती पाहा. जगात कॅम्प्टोथेसिनचा सर्वांत चांगला ज्ञात साठा आपल्या घाटात उभा आहे हे गोरेगावला कळलं, आणि त्याच वर्षी अमेरिकेने ते औषध म्हणून निकालात काढलं. नरक्याला तेरा-चौदा वर्षांचं अभय मिळालं, ते असं योगायोगाने.

दरम्यान वाणी आणि वॉल दुसऱ्या झाडात गुंतले होते. ऑगस्ट १९६२ मध्ये कृषी खात्याचे वनस्पतितज्ज्ञ आर्थर बार्कले यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू नावाच्या सूचिपर्णी झाडाची साल गोळा केली होती. तिचा अर्क इतका विषारी होता की अनेक प्रयोगशाळांनी हात लावला नसता. या दोघांनी तो मागून घेतला. बारा किलो सालीतून मिळाला अर्धा ग्रॅम पदार्थ. १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली आणि त्या लेखावर पहिलं नाव वाणींचं होतं. रेणूचं नाव टॅक्सॉल. पुढे वीस वर्षांनी ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीने हेच नाव आपल्या औषधाचं व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेतलं, आणि ज्यांनी रेणू शोधला, नाव ठेवलं त्यांच्यासह सगळ्या जगाला त्याला पॅक्लिटॅक्सेल म्हणणं भाग पडलं. मूळ रेणूवर पेटंट नव्हतंच. सरकारी पैशातून झालेलं काम होतं, उघडपणे छापलेलं होतं.

अमेरिकेच्या त्या सरकारी मोहिमेत १९६० ते १९८२ या काळात सुमारे ३५,००० वनस्पतींचे १,१४,००० अर्क तपासले गेले. त्यातून दवाखान्यापर्यंत पोचलेली मोठी नावं दोनच, टॅक्सॉल आणि कॅम्प्टोथेसिनची पिलावळ. दोन्ही एकाच प्रयोगशाळेची. नशीब असेलच, पण उंदरांचा निकाल येईपर्यंत थांबण्याची आणि आल्यावर पुन्हा पहिल्यापासून गाळायला बसण्याची तयारी नशिबात मोजत नाहीत.

कॅम्प्टोथेसिनची बंद फाइल उघडली १९८५ मध्ये, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. लिरॉय लिउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रेणू पेशीत नेमकं कोणाला धरतो ते दाखवलं. पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल होते, आणि त्यासाठी त्याचे दोन पदर उलगडावे लागतात. पिळाचा दोर एका टोकाने उलगडायला लागलं की पुढे पीळ घट्ट होत जातो, तसंच इथे होतं. हा पीळ सोडवायला टोपोआयसोमरेज-१ नावाचं एन्झाइम आहे. ते एक पदर कापतं, पीळ सुटू देतं आणि पदर पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन येऊन बसतं ते कापल्यानंतरच्या आणि सांधण्याआधीच्या क्षणी. सांधा होत नाही. नक्कल करणारी यंत्रणा धावत येऊन त्या फटीवर आदळते आणि डीएनए तुटतो. भराभर दुभंगणाऱ्या पेशी यात आधी मरतात. तोवर या एन्झाइमला धरणारं कर्करोगाचं औषध कोणाला माहीत नव्हतं, त्यामुळे औषध कंपन्या जाग्या झाल्या.

मग प्रश्न पडतो की ज्याच्या सालीत हे विष भरलंय ते झाड कसं जगतं? डीएनएचा पीळ त्यालाही सोडवावा लागतोच. २००८ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठातल्या संशोधकांनी उत्तर दिलं. कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या वनस्पतींच्या टोपोआयसोमरेजमध्ये ७२२ व्या जागी ॲस्परॅजिनऐवजी सेरिन हे अमिनो आम्ल असतं, आणि त्या एका बदलामुळे विषाला बसायला जागाच उरत नाही. गंमत पुढे आहे. कॅम्प्टोथेसिनला दाद न देणाऱ्या मानवी कर्करोगपेशींमध्ये हाच बदल आधीच सापडलेला होता. झाडाने लाखो वर्षांत शोधलेली पळवाट कर्करोगाने प्रयोगशाळेतल्या बशीत शोधून काढली होती.

रसायनतज्ज्ञांनी आता जुनी चूक टाळली. लॅक्टोनचं कडं मिटलेलंच ठेवायचं आणि रेणूच्या दुसऱ्या टोकाला पाण्यात विरघळणारं शेपूट लावायचं. जपानच्या याकुल्ट कंपनीने असं केलेलं औषध म्हणजे इरिनोटेकान. होय, तीच याकुल्ट, जिच्या दह्याच्या पेयाच्या छोट्या बाटल्या आता आपल्याकडेही दुकानाच्या फ्रीजमध्ये दिसतात. जपानमध्ये १९९४ ला आणि अमेरिकेत १९९६ ला इरिनोटेकानला मंजुरी मिळाली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ते आजही मुख्य औषधांत आहे. स्मिथक्लाइन बीचमचं टोपोटेकान १९९६ मध्येच बीजाशयाच्या कर्करोगासाठी आलं. फिलाडेल्फियाच्या कपाटातल्या बाटलीपासून औषधाच्या दुकानापर्यंत अडतीस-एकोणचाळीस वर्षं गेली होती.

आणि इथे घाटातलं अभय संपलं. ही दोन्ही औषधं कारखान्यात बनत असली तरी त्यांची सुरुवात झाडातून काढलेल्या कॅम्प्टोथेसिनपासून होते. पूर्ण कृत्रिम पद्धती कागदावर होत्या, पण सालीतून काढणं स्वस्त. चीनकडे त्यांचं झाड होतं आणि आपल्याकडे नरक्या. कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्ग, रत्नागिरीच्या घाटपट्ट्यात व्यापाऱ्यांची माणसं फिरू लागली. गावकऱ्याला किलोवर दर सांगितला जाई. ज्या झाडाला कालपर्यंत कोणी हात लावत नव्हतं ते बुंध्याशी तोडून, तुकडे करून, वाळवून पोत्यात भरलं जाऊ लागलं. साल तेवढी काढून झाड राखावं इतका धीर कोणाला होता? मुळांच्या सालीत प्रमाण जास्त असतं, तेव्हा मुळंही उपटली गेली. कापणाऱ्याच्या हाती मजुरीएवढे पैसे पडत. पोतं घाट उतरलं की भाव चढत जाई, बंदरातून बाहेर गेल्यावर किती होई हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. वनखात्याने नरक्याचे चोरटे साठे पकडल्याच्या बातम्या कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येत राहिल्या आहेत. हिमालयात टॅक्सॉलपायी तालीसपत्राच्या झाडांचं तेच झालं. ते झाड निदान आंतरराष्ट्रीय व्यापार करारांच्या यादीत तरी पोचलं.

झाड न तोडता रेणू मिळवायचे प्रयत्नही महाराष्ट्रातच झाले. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात रोजा आणि हेबळे यांनी नरक्याच्या ऊतीसंवर्धनात कॅम्प्टोथेसिन तयार होतं का ते पाहिलं आणि १९९४ मध्ये निष्कर्ष छापले. त्याच केंद्रात फुलझेले आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये द्रावात तरंगत्या पेशी वाढवून तेच केलं. कॅम्प्टोथेसिन मिळालं, पण झाडातल्या मानाने फार थोडं. एकेकटी पेशी गाठोड्यातून सुटली की तिला विष साठवण्यात रस राहत नसावा. २००५ मध्ये जम्मूच्या प्रयोगशाळेने याहून नवलाची बातमी दिली. नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी स्वतःच कॅम्प्टोथेसिन बनवते! बुरशी टाकीत वाढवता येते, म्हणजे जंगलाची सुटका झाली असं काही काळ वाटलं. पण अशा बुरशी झाडाबाहेर पिढी दर पिढी वाढवत गेलं की त्यांचं उत्पादन रोडावत जातं. कारखान्याच्या हिशेबात ते बसलं नाही.

वाणी आणि वॉल यांना २००० सालचं केटरिंग पारितोषिक मिळालं. कर्करोग संशोधनातल्या मोठ्या सन्मानांपैकी तो एक. २००२ मध्ये वॉल गेले. पुढच्या वर्षी अमेरिकन केमिकल सोसायटीने त्यांच्या प्रयोगशाळेला रसायनशास्त्रातलं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून मान दिला. वाणी मात्र नव्वदी पार करून जगले. ११ एप्रिल २०२० रोजी, करोनाची पहिली लाट चालू असताना, चॅपेल हिल इथे त्यांचं निधन झालं. त्यानंतर अकराच दिवसांनी, २२ एप्रिलला, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्तनाच्या एका चिवट कर्करोगासाठी सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकान नावाचं औषध मंजूर केलं. यात गाठीच्या पेशी हुडकणारं प्रतिपिंड असतं आणि त्याच्या पाठीवर बांधलेला असतो एसएन-३८, इरिनोटेकानचं शरीरात होणारं जहाल रूप. रेणूच्या मध्यभागी तीच पाच कडी आहेत, शेवटचं मिटलेलं. आणि एसएन-३८ साठी कच्चा माल म्हणून आजही मुख्यतः झाडातलंच कॅम्प्टोथेसिन घेतलं जातं.